आक्काला काय आवडायचं?

आमच्या आक्काला जेवणात काय आवडायचं? हे मी अकरा जणांना विचारलं. एकानंही सांगितलं नाही.

एका गावात एक भोळा मामा होता, असं म्हणून आमच्याकडं पारावर एक गोष्ट सांगतात आणि हसतात. तो मामा मी. माझं नाव हणमा. सांगणारे पदरचं घालतात, म्हणून आता मीच सांगतो.

शाळा मी दुसरीत सोडली. गुरुजी म्हणाले, "हणमंता, वर्गाबाहेर जा." मी गेलो. परत ये, असं कुणी म्हणालं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा ती आत बसली आणि मला म्हणाली, "हणमा, मी येईपर्यंत पोरांना जेवू घाल." मी म्हटलं, "बरं आक्का." आक्का आली नाही. म्हणून मी अजून जेवू घालतोय.

पोरं तीन. थोरली यमू. तिला पातळ काही चालत नाही, आणि भाकरीच्या कडा नको असतात. मधला जालू. त्याला गोड लागतं, हिरवं दिसलं की तो ताट सारतो. धाकटी ठकी. तिला फक्त पांढरं लागतं. भात, दूध, बास. भातावर आमटीचा थेंब पडला तरी ती साप पडल्यासारखी ओरडते. दाजी ट्रकवर. पंधरा दिवसांनी एकदा येतात, अंगणात बसतात, परत जातात.

बरेच महिने शेजारची तानूकाकी डबा द्यायची. मग तिचा गुडघा धरला. ती म्हणाली, "हणम्या, आता तूच चूल पेटव."

मी म्हटलं, "बरं काकी."

मी चूल पेटवली आणि समोर बसलो. तासाभरानं काकीनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय केलंस रे?"

"चूल पेटवली."

"आणि वर काय ठेवलंस?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

मग तिनं सांगितलं तशी मी मेथीची भाजी केली. जालूनं ताट सारलं. त्याचं बघून बाकीच्या दोघींनीही सारलं.

काकी म्हणाली, "अरे, पोरांना नको असतं ते लपवून घालायचं असतं. दिसू द्यायचं नाही."

मी म्हटलं, "बरं काकी."

दुसऱ्या दिवशी वांगं केलं. पोरं यायच्या आत लपवलं.

"मामा, भाजी कुठाय?" यमूनं विचारलं.

"लपवलीय."

"कुठं?"

"सांगितलं तर लपवली कशी?"

तिघं संध्याकाळपर्यंत शोधत होती. जालू माळ्यावर चढला, ठकी पिठाच्या डब्यात उतरली. भाजी शेवटी कुत्र्याला सापडली. लाकडांच्या मागं होती. वांगं त्याला आवडलं.

काकीनं कपाळाला हात लावला. "अरे मुडद्या, लपवायचं म्हणजे कणकेत मळायचं! जे नको म्हणतात ते कणकेत मळायचं. कळलं?"

मी म्हटलं, "बरं काकी."

त्या आठवड्यात जालूचं पोट धरलं. एरंडेलाची बाटली आणली. जालूनं तोंड घट्ट मिटलं. म्हणाला, "नको."

नको म्हटल्यावर मला प्रश्नच उरला नाही. सगळी बाटली कणकेत मळली. पोळ्या काय मऊ झाल्या होत्या! पोरांनी वास घेतला आणि ताटं सारली. पण त्या दिवशी दाजींची बहीण आली होती. पोरांची आत्या. तिला सगळे आत्याबाई म्हणतात. प्रवासातून आलेल्या, भूक लागलेली. त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या.

"हणमंता, पोळ्या बाई छान झाल्यात."

पाचवी मागितली नाही. तांब्या घेऊन परसाकडं गेल्या. आल्या. परत गेल्या. तांब्या खाली ठेवायला त्यांना दिवसभर सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. उभं राहणं त्यांना जड जात होतं. म्हणाल्या, "पोरांची हाडं दिसायला लागली. वहिनीच्या वर्षश्राद्धाला मी परत येते. तोवर पोरं नीट जेवायला लागली नाहीत, तर घेऊन जाईन. यमू माझ्याकडं, जालू चुलत्याकडं, ठकी तुझ्या मावशीकडं. तीन घरी तीन. निदान जगतील तरी."

दाजी अंगणात बसले होते. तसेच बसून राहिले.

तीन घरी तीन पोरं गेली तर मी जेवू घालायचं कुणाला? आणि आक्का आली तर तिला सांगायचं काय? मी काकीकडं पळालो.

काकी म्हणाली, "औषध जालूचं, आणि घातलंस आत्याला! ज्याचं ते त्यालाच द्यावं. ज्याला जे आवडतं ते वेगळं काढून द्यावं. एवढं कर."

मी म्हटलं, "बरं काकी."

खिचडी केली आणि ज्याचं ते वेगळं काढायला बसलो. तांदूळ ठकीचे. डाळ यमूची, कारण ती शिजून कोरडी होती. पण हळदीमुळं तांदूळ पिवळे झाले होते. ते तीन पाण्यांनी धुतले. जालूसाठी गोड शोधलं. खिचडीत गोड काहीच निघालं नाही. त्याच्या वाट्याला मोहरी आली. चौऱ्याऐंशी दाणे होते, मी मोजून दिले.

तोवर दुपारचे चार वाजले होते. ठकी पाटावरच झोपली होती.

काकी गुडघा धरून स्वतः आली. "अरे, तुझ्या या लाडानंच पोरं बिघडली! सगळ्यांना एकच वाढायचं. आणि ताटातलं संपवल्याशिवाय कुणाला उठू द्यायचं नाही. कुणी का असेना!"

मी म्हटलं, "बरं काकी."

सोमवारी दोडका केला. तिघांना वाढला. दारात काठी घेऊन बसलो. पोरं दोडक्याकडं बघत होती, मी पोरांकडं. शाळा भरल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही, कारण कुणी संपवलं नाही. अकरा वाजता गुरुजी विचारायला आले.

"काय रे हणमंता, पोरं कुठायत?"

"जेवतायत. या, तुम्हीपण बसा."

गुरुजी संकोचानं बसले. मी दोडका वाढला. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि उठायला लागले. मी काठी आडवी केली.

"संपवल्याशिवाय उठायचं नाही गुरुजी."

"अरे, मला दोडका चालत नाही."

"यांनाही चालत नाही."

गुरुजी तीन वाजेपर्यंत बसले. गावातली सगळी पोरं तोवर ओढ्यात पोहत होती. एरवी मला दगड मारणारी पोरं त्या दिवसापासून मला हणमा मामा म्हणतात.

आक्काच्या वर्षाला आता चार दिवस राहिले होते. काकी भिंतीपलीकडून बघत होती. ती चिडली नाही. डोळे पुसून म्हणाली, "हणम्या, शेवटचं सांगते. जो जेवणार, त्याला काय आवडतं ते आधी विचारावं. त्याशिवाय चुलीवर भांडं चढवू नये."

मी म्हटलं, "बरं काकी."

वर्षाला कोण जेवणार? आक्का. तिला विचारता येईना, म्हणून मी तिच्या माणसांना विचारायला निघालो.

दाजींना विचारलं. ते ट्रकच्या चाकाची हवा बघायला लागले. "असेल ते खायची," म्हणाले. आमच्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "लहानपणी तुला भरवायची. ती कधी खायची ते बघितलं नाही." काकीला विचारलं. ती म्हणाली, "मीच तिला कधी विचारलं नाही रे." असे अकरा जण झाले. मीही लहानपणापासून आक्काच्या हातचं जेवलो होतो. मी मला विचारलं. मलाही येईना.

पोरांना विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षाच्या दिवशी सकाळी ठकीला उचललं तेव्हा विचारलं.

ठकी म्हणाली, "आई माझं उष्टं खायची."

यमू म्हणाली, "माझ्या भाकरीच्या कडा खायची."

जालूनं बोटानं ताटाची कड दाखवली. तो हिरवं सारून ठेवायचा ती जागा.

सापडलं! आक्काला उष्टं आवडायचं. अकरा मोठ्या माणसांना माहीत नव्हतं.

तोवर आत्याबाई आल्या होत्या. ओसरीवर त्यांनी तीन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. एकीत यमूचे कपडे, एकीत जालूचे, एकीत ठकीचे. चारची एसटी होती. भटजी आले. खीर, वडे, अळूची भाजी, सगळं साग्रसंगीत झालं. पान वाढून परसातल्या भिंतीवर ठेवलं. कावळा आला नाही. भटजींनी हाका घातल्या, दाजींनी हात जोडले. कावळे कडुलिंबावर बसून होते, खाली येईनात. आत्याबाई पदर पसरून म्हणाल्या, "वहिनी, पोरांची काळजी करू नकोस, मी तिघांना चांगल्या घरी ठेवते." तेव्हा खालच्या फांदीवर एक बसलेला होता तोही उडून वर गेला.

मी स्वयंपाकघरात होतो. भाकरी, मेथी, आमटी, भात केला होता. पोरांना म्हटलं, "आज आक्का जेवणार आहे. तिला उष्टं लागतं. तुम्ही जेवलात तर उरेल."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि पाटावर बसली.

यमूनं भाकरी कुस्करून आमटीत भिजवली. पातळ आमटीत. कडा तेवढ्या नीट तोडून बाजूला ठेवल्या. जालूनं मेथीकडं बघितलं. "एवढी आईला संपणार नाही," म्हणाला आणि डोळे मिटून निम्मी खाल्ली. निम्मी कडेला सारली.

ठकी म्हणाली, "मामा, माझ्या भातावर आमटी घाल."

"तुला नको असते ना?"

"नुसता भात ठेवला तर आईला कोरडा लागेल."

ती आमटीभात जेवली. तीन घास ठेवले. ते तिन्ही ताटांतलं मी एका ताटात घेतलं आणि परसात जाऊन भिंतीवर ठेवलं.

काकी ओरडली, "हणम्या! श्राद्धाला उष्टं?"

भटजींनी कानांवर हात ठेवले. आत्याबाई माझ्या अंगावर धावून आल्या. "आधी मला एरंडेल घातलंस, आता माझ्या वहिनीला उष्टं घालतोस?"

"तिला हेच आवडायचं," मी म्हटलं. "पोरांना विचारा."

एवढ्यात लिंबावरून कावळा उतरला. खिरीकडं त्यानं बघितलं नाही. ताटापाशी आला आणि भाकरीची कड उचलली.

आत्याबाईंनी दारात उभ्या पोरांकडं बघितलं. ठकीच्या हनुवटीवर आमटी होती. त्यांनी ती पदरानं पुसली.

कावळ्यानं दुसरी कड घेतली, भात टोचला आणि उडून लिंबावर जाऊन बसला. मेथी तशीच.

कुणी का असेना, असं काकीनं सांगितलं होतं. मी ताट घेतलं आणि लिंबावर चढलो.

"आक्का, मेथी राहिली! संपवल्याशिवाय उठायचं नाही!"

कावळा वरच्या फांदीवर गेला. मीही गेलो. भात सांडू दिला नाही. मग तो ओढ्यापलीकडं उडाला. तिकडं मला जाता येईना.

मी फांदीवर बसून विचार केला. अर्ध्या ताटावरून उठलेलं माणूस जेवलं असं कुणी धरत नाही. म्हणजे आक्का अजून यायची आहे. ती येईपर्यंत पोरांना मीच जेवू घालायचं.

हे मी वरूनच आत्याबाईंना ओरडून सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग ओसरीवरच्या तिन्ही पिशव्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. त्यांची एसटी गेली.

ताटात मेथी होती, भात होता. आक्कानं टाकलेलं होतं. कुणीतरी संपवायला हवंच होतं. मी तिथंच बसून सगळं खाल्लं आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. मेथीत मीठ कमी होतं. आक्का बोलली नसती.

काकी लिंबाखाली काठी आपटत होती. "उतर मुडद्या! श्राद्धाचं ताट झाडावर बसून खातोस? गावानं काय म्हणायचं? उतरत नाहीस? मग आता बस तिथंच!"

मी म्हटलं, "बरं काकी."