सव्वाअकरा रत्तीचा पाचू

“आक्का, पाचू किती रत्तीचा घातला म्हणजे हिची जीभ सुटेल?”

मुकुंदशेटांनी बसता बसताच विचारलं. कोल्हापूरच्या गुजरीत त्यांची रत्नांची पेढी, तीन पिढ्यांची. खडा उजेडाला धरला की खरा की खोटा, हे ते चहा गार व्हायच्या आत सांगत. पण घरात मात्र त्यांची विद्या थकली होती. शेजारी बसलेली कालिंदी, बावीस वर्षांची, एकुलती एक, बोलताना अडखळायची.

आक्का पंचगंगेकाठच्या एका लहानशा मठात एकट्याच राहत; शेट त्यांना गुरू मानत. ऐंशी कधीच उलटलेली. समोर परातीत मेथीची जुडी सोडलेली होती. त्यांनी मान वर केली नाही.

“आत्ता केवढा हाय?”

“सात रत्तीचा. त्याआधी पाचाचा होता. बारा वर्षांची असल्यापासून हिच्या करंगळीत पाचू आहे. आता हा आणलाय, सव्वाअकराचा.”

शेटांनी डबी उघडली. आत चिंचोक्याएवढा हिरवागार खडा होता.

“आन् पाचूच का?”

शेटांना आयतं ताट वाढून मिळालं. त्यांनी मांडी नीट घातली.

“वाणीचा ग्रह बुध, आणि बुधाचं रत्न पाचू. हिची रास मिथुन, तिचा स्वामीही बुधच. इंग्रजी महिन्यानं बघायचं तर हिचा जन्म मे महिन्यातला. तिथंही पाचूच.”

“इंग्रजी म्हैन्याचं काय असतंय?”

“जुनी रीत आहे ती. ज्यू लोकांच्या मुख्य पुजाऱ्याच्या छातीवर बारा रत्नांचं कवच असायचं. त्यावरून पुढं लोक बाराही खडे बाळगायला लागले, दर महिन्याला एक. मग कधीतरी ज्यानं त्यानं आपल्या जन्ममहिन्याचा तेवढा ठेवला. कुठल्या महिन्याला कुठला खडा, ही यादी मात्र अमेरिकेतल्या सराफांनी एकोणीसशे बारा साली बसून पक्की केली.”

“सराफांनी?”

“सराफांनीच.”

“मग बरुबर असंल,” आक्का म्हणाल्या.

शेटांना हे कौतुक वाटलं.

आक्कांनी पहिल्यांदा मुलीकडे पाहिलं.

“नाव काय गं तुझं?”

“का... का...”

“कालिंदी,” शेट म्हणाले.

“शिकलीस किती?”

“बी. कॉम... प...”

“पहिल्या वर्गात,” शेट म्हणाले.

“मेथी आवडती का?”

मुलीनं तोंड उघडलं.

“आवडते. पण कडू लागते म्हणते.”

मुलीनं तोंड मिटलं.

शेट वाईट माणूस नव्हे. पोरगी एखाद्या शब्दाशी झटायला लागली की त्यांना ते बघवायचं नाही. ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाच्या हातातली पिशवी आपण घेतो, तसा ते तिचा शब्द घेत. दहा वर्षं घेत आले होते. दमले नव्हते.

“येत्या रविवारी सांगलीची मंडळी हिला बघायला येणार आहेत,” त्यांचा आवाज खाली आला. “आधीची दोन स्थळं हिचं बोलणं ऐकून परत गेली. या खेपेला मीच सगळं बोलणार, हिनं नुसते पोहे आणून ठेवायचे. पण लग्नानंतर काय, आक्का? मी कुठंवर पुरणार?”

...

आक्कांनी हात पदराला पुसले आणि खडा उचलला. खिडकीकडे धरला.

“ह्यात आत कायबाय दिसतंय की रं. रेघा हाईत.”

“ते जाळं,” शेट हसले. “खऱ्या पाचूत असं जाळं असायचंच. अगदी निर्मळ पाचू कुणी आणला की आम्ही आधी काच म्हणूनच बघतो.”

“असं?”

“धंद्यातली पहिली गोष्ट ही. माझ्या वडिलांनी शिकवलेली.”

“हां,” आक्का म्हणाल्या. त्यांनी खडा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, “तोंड उघड.”

शेटांना वाटलं, तीर्थ मिळणार. त्यांनी भाविकपणे डोळे मिटून तोंड उघडलं.

आक्कांनी सव्वाअकरा रत्तीचा पाचू त्यांच्या जिभेवर ठेवला.

“गालात धर. मी सांगेपतूर भाईर काढायचा न्हाई. आन् गिळू नगंस, म्हाग हाय.”

शेटांचे डोळे उघडले आणि उघडेच राहिले. गुजरीतल्या कुणी या अवस्थेत पाहिलं असतं तर पेढीला कुलूप लावायची पाळी आली असती. पण आक्कांचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. खडा गार होता. त्यांनी तो गालात सरकवला.

“आता बोल, पोरी,” आक्का म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. “अजून आर्धी जुडी हाय.”

...

“बा... बा...”

शेटांच्या घशातून आवाज निघाला. खडा दाताला लागला. ते गप्प झाले.

“बाबा... तुम्ही दुपारी... जेवायला घरी जाता...”

मध्ये बरीच पानं निवडून झाली.

“...तेव्हा पेढीवर गिऱ्हाइकं मीच बघते. ति... तिथंही अडतं. पण थोडं. ते लोक थांबतात.”

शेट तिच्याकडे बघत राहिले. तिचा आवाज असा आहे, थोडा जाडसर, त्यांच्या आईसारखा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढं सलग त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

“घरी... तुमच्यासमोर... मला घाई होते. तुम्ही घ्यायच्या आत... माझा शब्द मला... सांगायचा असतो. मग तो येतच नाही.”

आक्कांनी निवडलेली मेथी एका बाजूला केली.

“काढ आता,” त्या शेटांना म्हणाल्या.

शेटांनी खडा तळहातावर घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला. बोलायला किती होतं. मला कधी सांगितलं का नाहीस, मी तुझ्या भल्यासाठीच, तुझी आई गेल्यापासून... सगळं ओठांवर गोळा झालं.

“आणि र... रविवारी,” कालिंदी म्हणाली, “मी... मी अ... अ...”

पुढचा शब्द शेटांना कळला. दहा वर्षांत त्यांना तिचा एकेक शब्द आधी कळत आला होता. त्यांचे ओठ हलले. त्यांनी ते दाबून धरले, आणि हे काही त्यांना सोपं गेलं नाही. तिच्या मानेची शीर ताठ झालेली त्यांना दिसत होती. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

“...अडखळते,” ती म्हणाली. “हे त्या लोकांना माझ्या तोंडून कळू दे, बाबा.”

...

शेटांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी खडा डबीत ठेवला. झाकण लावलं. पुन्हा उघडलं. इतकी वर्षं खडे विकणाऱ्या माणसाला एका खड्याचं काय करायचं ते सुचेना.

“आक्का,” त्यांनी हळूच विचारलं, “मग हा हिच्या बोटात घालू का नको?”

आक्का परात घेऊन उठल्या होत्या. चुलीकडे जाता जाता त्या म्हणाल्या,

“तिला इचार. आन् इचारून झालं की थांब.”