अल्टरनेटरचा ताप

बॉनेटखालची यंत्रं आपसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट. सुपडूअण्णांचा ट्रक कापूस भरून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडे निघाला होता. बॅटरीला वीज पुरवणारा म्हातारा अल्टरनेटर त्या दिवशी आतून नुसता भाजत होता, पण तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मागच्या हंगामात तापलेला पाण्याचा पंप भंगारात गेलेला त्यानं पाहिला होता.

त्याच्या अंगावर बसवलेला तापमापक नवा होता. अल्टरनेटर त्याला म्हणाला, "बाबा रे, अण्णांना कळू देऊ नकोस. मला काढून टाकतील."

"काका, मागे कापूस आहे," तापमापक हळूच म्हणाला. "ठिणगी पडली तर अण्णाही वाचायचे नाहीत. मला सांगावंच लागेल."

अण्णांसमोरचा काटा लाल रेघेवर गेला. त्यांनी गाडी बाभळीखाली घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, तसा अल्टरनेटरनं जीव मुठीत धरला. अण्णांनी पान्याला हातही लावला नाही. अल्टरनेटर निवेपर्यंत ते थांबले आणि मग त्याच्या जाळीत अडकलेला कापसाचा बोळा ब्रशनं अलगद काढला.

"श्वास कोंडला होता होय तुझा," ते पुटपुटले.

गाडी पुन्हा निघाली. अल्टरनेटरच्या अंगात वारा खेळू लागला. तो तापमापकाला म्हणाला, "पोरा, पुढच्या खेपेला जरा लवकर सांग."