आभाराचे पान

एकदा एका तरुण वैद्याला परमुलखात जाण्याची वेळ आली. त्याचे नाव निळकंठ. नदीकाठच्या एका गावातील वृद्ध आचार्यांकडे तो आठ वर्षे वैद्यक शिकला होता. आचार्य निष्णात वैद्य होते आणि तितकेच मोठे वाचक. आयुष्यभर जमवलेले ग्रंथ त्यांनी घराच्या माडीवर नीट लावून ठेवले होते. आसपासच्या गावांत कुणाला काही शोधायचे असले, की तो त्या माडीचा जिना चढे.

घाटापलीकडे करंजखोरे नावाचा डोंगराळ प्रदेश होता. दरवर्षी पावसाळा सरता सरता तिथे एक ताप येई आणि त्यात लहान मुले दगावत. मागच्या दोन वर्षांत आचार्यांनी आपले दोन शिष्य एकामागून एक तिकडे पाठवले होते. दोघेही महिनाभरात परतले. तिथले लोक दार उघडत नाहीत, औषध घेत नाहीत, मुलाला हात लावू देत नाहीत, असे दोघांनीही सांगितले. यंदा जाण्याची पाळी निळकंठाची होती.

आचार्यांनी त्याला बोलावून सांगितले, की औषधांची बांधाबांध शेवटी कर. आधी त्या मुलखाचा इतिहास आणि तिथली रीतभात समजून घे. माडीवर त्या प्रदेशाविषयी बरीच पुस्तके आहेत, त्यांतली तुला योग्य वाटतील ती निवड आणि मला दाखव.

निळकंठ मनापासून कामाला लागला. चार दिवस तो माडीवरून खाली उतरला तो फक्त जेवायला. पाचव्या दिवशी त्याने चार ग्रंथ आचार्यांसमोर ठेवले. पहिला ग्रंथ तिथल्या जुन्या राजघराण्याचा इतिहास होता. दुसरा एका अधिकाऱ्याचा अहवाल, त्यात गावे, पिके आणि माणसे यांची मोजदाद होती. तिसरे एका प्रवाशाचे सचित्र वर्णन. चौथा ग्रंथ सर्वांत जाड होता. एका विद्वानाने त्या लोकांच्या चालीरीती, देवस्थाने आणि वनस्पती यांवर लिहिलेला. त्यातून निळकंठाने स्वतःसाठी एक उपयुक्त नोंदही उतरवून घेतली होती. त्या तापावर चालणारी कडू मुळी खोऱ्यातल्या मुख्य गावाच्या उत्तरेकडील दाट राईत विपुल सापडते, अशी ती नोंद होती.

आचार्यांनी पहिला ग्रंथ हाती घेतला. प्रकरणे पाहिली नाहीत, अनुक्रमणिका पाहिली नाही. लेखकाने जिथे आभार मानले होते ते पान काढून त्यांनी शांतपणे वाचले आणि ग्रंथ मिटला. त्यात राजांचे आणि त्यांच्या दिवाणांचे आभार होते. अहवालात वरिष्ठांचे होते. प्रवाशाने कुणाचेच आभार मानले नव्हते. चौथ्या ग्रंथाच्या त्या पानावर विद्वानाने एवढेच लिहिले होते, की येथील लोक स्वभावतः संशयी आणि कृतघ्न असल्याने माहिती मिळवण्यास अतोनात कष्ट पडले.

"हा राजघराण्याचा इतिहास इथे बसून वाच," आचार्य म्हणाले. "सनावळी चोख आहे. पण बरोबर नेऊ नकोस. बाकीचे तिन्ही जागेवर ठेव."

मग ते स्वतः उठले. गुडघ्यावर हात टेकत माडी चढले आणि खालच्या फळीवरून एक बारीकसे पुस्तक घेऊन आले. कसरीने त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. जमीन मोजायला त्या खोऱ्यात पूर्वी कधी गेलेल्या एका साध्या मोजणीदाराने ते लिहिले होते. पाने जेमतेम साठ, आणि त्यांतली तीन आभाराची.

"हे घेऊन जा," आचार्यांनी सांगितले.

निळकंठ हिरमुसला. चार दिवसांचे कष्ट गुरूंनी घटकाभरात बाजूला सारले, तेही पानभर मजकूर वाचून. त्या रात्री त्याने ते बारीक पुस्तक चाळले तेव्हा तर त्याला रागच आला. शुद्धलेखन यथातथा, इतिहास चार पानांत उरकलेला, त्यातही एका राजाचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर. हाताने काढलेला एक नकाशा होता. त्यात गावाच्या उत्तरेची जागा कोरीच सोडलेली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, 'इथे जाऊ नये असे सांगितले. गेलो नाही.' असे पुस्तक गुरूंनी का द्यावे, हे त्याला कळेना. पण आठ वर्षांत त्याने गुरूंचा शब्द कधी मोडला नव्हता. इतिहास वाचून होताच, ते बारीक पुस्तक औषधांच्या पेटीत ठेवून तो निघाला.

तीन दिवसांनी घाट उतरून तो करंजखोऱ्यातल्या मुख्य गावात पोहोचला. लोकांनी त्याला देवळाच्या ओसरीवर जागा दिली, प्यायला पाणी दिले, आणि त्यापलीकडे कुणी एक शब्द बोलले नाही. गावात ताप आलेला होता. बंद दारांआडून मुलांचे कण्हणे ऐकू येई. निळकंठ दारोदार गेला, हात जोडून उभा राहिला. दारे उघडली नाहीत. वाटेत समोर आलेली एक बाई कडेवरचे मूल पदराखाली घेऊन मागे वळली. परतलेल्या दोघांचे बोलणे त्याला आठवले. संशयी आणि कृतघ्न हे शब्दही आठवले, आणि ते त्याला पटू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठरवले, की कुणी येवो न येवो, औषध तरी तयार ठेवावे. कुदळ खांद्यावर घेऊन तो राईकडे निघाला. गावकुसाबाहेर आल्यावर दिशा पाहण्यासाठी त्याने नकाशा उघडला, आणि ती कोरी जागा त्याच्यासमोर आली. तो जिकडे निघाला होता तीच ती जागा होती. निळकंठ बराच वेळ तिथे उभा राहिला. इथे येऊन गेलेल्या एका माणसाला कुणीतरी काही सांगितले होते, आणि त्या माणसाने ते ऐकले होते. निळकंठाला कुणी काहीच सांगितले नव्हते. मग त्याने तिथल्या दगडावर बसून आभाराची ती तीन पाने पहिल्यांदा सावकाश वाचली.

जवळच धाकू नावाचा एक म्हातारा म्हशी चारत होता. त्याची नजर मघापासून निळकंठाच्या कुदळीवर होती. निळकंठ उठून त्याच्यापाशी गेला, कुदळ खाली ठेवली आणि त्या पानांत वाचलेल्या सगुणाबाईंचे घर कुठे, असे विचारले.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिले. "तिचं नाव कुनी सांगितलं तुमाला?"

निळकंठाने पुस्तक दाखवले. धाकूला वाचता येत नव्हते. त्याने म्हशी तशाच सोडल्या आणि पुढे होऊन वाट दाखवू लागला.

सगुणाबाई जाऊन वीस वर्षे झाली होती. घरात तिची मुलगी हौसाबाई होती. तीही आता साठीला आलेली. अंगणात उभे राहूनच निळकंठाने तिला वाचून दाखवले: 'या गावात मला ताप भरला. सगुणाबाईंनी अकरा दिवस आपल्या पडवीत ठेवून घेतले, आंबील पाजली, आणि मी उठून बसेपर्यंत माझे नाव-गावही विचारले नाही. हे पुस्तक लिहायला मी राहिलो, तो त्यांच्यामुळे.'

हौसाबाईने पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "अकरा न्हाई, नऊ दिस होता तो. मी ल्हान होते, पर ध्यानात हाय. आयचं नाव असं कुठं लिवलंय, ते तिला कधी कळलंच न्हाई." पदराने डोळे पुसून तिने निळकंठाला पडवीत घोंगडी अंथरून दिली.

बातमी गावात पसरली. दुपारपर्यंत पडवी भरून गेली. पुस्तकात माझ्या बापाचे नाव आहे का, माझ्या आजीचे आहे का, असे जो तो विचारू लागला. निळकंठ एकेक नाव वाचत गेला. ओढ्याच्या उगमापर्यंत वाट दाखवणारा, शब्दांचे उच्चार तीन-तीनदा दुरुस्त करणारा, पावसात छत्री म्हणून इरले देणारी. नाव आले की त्याच्या घरचे माणूस पुढे येई, आणि बाकीचे त्याला जागा करून देत. मोजणीदाराने एक नाव चुकवले होते. तेही लोकांनी हसत हसत सुधारून घेतले. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'गावातील बायकांनी मला एक गोष्ट सांगितली आणि ती लिहू नका, असे म्हटले. ती मी लिहिलेली नाही. मला ती ऐकण्याजोगा समजल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.'

या ओळी वाचून झाल्या. मग मागे उभी असलेली एक तरुण आई पुढे आली आणि तिने आपले तापलेले मूल निळकंठाच्या मांडीवर ठेवले.

त्या संध्याकाळी हौसाबाईने आणि आणखी दोघींनी निळकंठाला ती गोष्ट सांगितली. राई कशाची आहे आणि तिथली माती का उकरायची नसते, ते त्याला कळले. मोजणीदाराने ते लिहिले नाही, निळकंठाने पुढे कुणाला सांगितले नाही, म्हणून इथेही ते लिहिलेले नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की आधी आलेल्या दोन्ही वैद्यांनी मुळीसाठी ती राई खणली होती. त्यांनी कुणाला विचारले नव्हते. त्यांनीही वाचलेल्या त्या जाड ग्रंथात मुळीची जागा अचूक होती.

निळकंठाने स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि मान खाली घातली. आपणही सकाळी कुदळ घेऊन तिकडेच निघालो होतो, हे त्याने त्या तिघींना सांगून टाकले. हौसाबाई म्हणाली, "धाकूनं बघितलं व्हतं. तुमी वळलात, ते बी बघितलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे गावच्या बायका पलीकडच्या उतारावर गेल्या आणि तिथून तीच मुळी टोपल्या भरून घेऊन आल्या. ती तिथेही होती. फक्त कुठल्या पुस्तकात नव्हती. दीड महिना निळकंठ त्या पडवीत राहिला. एकोणीस मुले आजारी होती. सतरा बरी झाली. दोन वाचली नाहीत. त्या दोन्ही वेळी आई-बापांनी निळकंठाला दोष दिला नाही. मूठमाती द्यायला आमच्यासोबत चला, एवढेच ते म्हणाले, आणि तो गेला.

परत आल्यावर त्याने आचार्यांना सगळे सांगितले, फक्त ती एक गोष्ट सोडून. आचार्यांनीही ती विचारली नाही. निळकंठाने शेवटी नम्रपणे विचारले, की आभाराचे पान पाहून पुस्तक निवडण्याचे आपल्याला कसे सुचले.

आचार्य म्हणाले, "सुचले नाही, चुकल्यावर कळले. आधीच्या दोघांना तो जाड ग्रंथ मीच दिला होता. ते परत आले तेव्हा मी विचारले, काय पाहिले? दोघेही म्हणाले, लोक संशयी आहेत, कृतघ्न आहेत. हे शब्द मी कुठेतरी वाचले होते. शोधले, तर त्याच ग्रंथातले निघाले. माझ्या शिष्यांनी तिथे काही पाहिलेच नव्हते. जे वाक्य इथून नेले, तेच घेऊन परत आले. त्या विद्वानाची माहिती खोटी नव्हती, निळकंठ. पण परमुलखात माणूस पावलोपावली कुणाचे ना कुणाचे घेतच असतो. पाणी घेतो, वाट घेतो, शब्द घेतो. ज्याला हे कळते त्याला देणाऱ्याचे नाव विचारावेसे वाटते, आणि नाव विचारले की पुढचे दार उघडते. ज्याच्या पुस्तकात एकही नाव नाही, त्याच्या डोळ्यांनी तू तो मुलूख पाहू नयेस, एवढेच मला वाटले. पुढचे सगळे त्या माणसांनी केले."

निळकंठाने वाकून नमस्कार केला. माडीवर जाऊन बसण्याची आचार्यांची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत.

"घाट चढायला मला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारले.

निळकंठाने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले. सावकाश गेलो तर सहा, असे तो म्हणाला.

"मग सुगी आटोपली की जाऊ. माझ्या माणसांनी तिथली माती उकरली आहे. क्षमा मागायला हवी, आणि तू जिवंत मुले पाहून आलास त्याचे आभारही मानायला हवेत."

सुगीनंतर ते दोघे खरोखरच गेले. सहाऐवजी आठ दिवस लागले. हौसाबाईच्या अंगणात उभे राहून आचार्यांनी हात जोडले आणि वाटेत मनाशी जुळवलेले वाक्य बोलू लागले. हौसाबाईने ते अर्ध्यावरच थांबवले. पाय धुवायला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "लांबनं आलाय. आधी जेवा."

आचार्य पाय धुऊन निमूट पानावर बसले. नव्या नाचणीची गरम भाकरी होती. पहिला घास घेण्यापूर्वी त्यांनी वाढणाऱ्या सुनेला तिचे नाव विचारले.