उपळेश्वराचे मळलेले पाय

उपळेश्वराच्या देवळाबाहेर पाय धुण्यास पाणी ठेवलेले नाही, याचे नवख्या मंडळींना नवल वाटते. गुडघाभर चिखल तुडवून, तीनदा घसरून, एक वहाण गमावून माणूस वर येतो आणि पहिल्याप्रथम पाणी शोधतो. आपणही शोधलेत. अंमळ बसा, सांगतो.

पूर्वी या उंबऱ्याशी दगडी कुंड होते. स्वच्छ पायांवाचून आत प्रवेश नाही, असा सदोबा गुरवाचा कडक नेम होता म्हणे. कुंड कोरडे असले तरी नेम सुटत नसे.

पायथ्याच्या वाडीतल्या आवडाईची लेक बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले, सुटका होईना. नदीच्या पाण्याने देवाला अभिषेक करीन आणि तेच तीर्थ लेकीला पाजीन, असे आवडाई बोलली आणि घागर घेऊन निघाली. कार्तिक होता, पाऊस सरला होता, पण माथ्यावरची ही दलदल तेव्हाही वाळत नसे. ती दारी पोचली ती चिखलाने माखून.

"पाय धू आधी," गुरव म्हणाला.

"कशानं धुऊ? कुंडात थेंब नाही."

"घागरीत आहे की."

"ते देवाचं आहे, दादा!"

"मग पाय धुऊन दुसरी घागर आण."

तिने पाय धुतले, घागर रिती झाली. ती खाली गेली, पुन्हा भरून वर आली. पाय पुन्हा तसेच. असे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला देऊळ वीस पावलांवर असताना ती मांडीपर्यंत रुतली. ऊन कलले होते. वाडीतून कोणाचीच हाक येत नव्हती, आणि त्याचेच तिला भय वाटत होते.

तेव्हा ती ओरडली, "डोंगर तुझा, चिखल तुझा, आणि धुवायचे पाय तेवढे माझे? मी येत नाही आता. तुला हवं तर तू ये!" आणि तिने सगळी घागर त्या चिखलातच ओतली.

असे सांगतात की, जिथे धार पडली तिथे नितळ पाणी उपळून आले आणि तिच्या तळव्यांना कातळ लागला. तेच पाणी भरून ती उतरली. दिवेलागणीपूर्वी लेक मोकळी झाली.

सकाळी सदोबाने दार उघडले. पिंडी अर्धीअधिक चिखलाने माखलेली होती. बाहेरून आत आलेली ओली पावले थेट तिच्यापाशी थांबली होती. पुसायला त्याने फडके उचलले, पण हात पुढे होईना. तो तिथेच रडत बसला. मग उठून त्याने कुंड फोडले.

आजही इथे कोणी पाय धूत नाही. चढताना देवाला बोल लावायचीही मुभा आहे. परतताना तुमची ती वहाण शोधाल, तेव्हा चिडचिड होईलच. मनात ठेवू नका, मोठ्याने बोला. ऐकणारा देवळात नसतो. तो त्याच चिखलात उभा असतो.