संयुक्त बैठक

“आणि दोन्ही सभागृहं हटूनच बसली, तर कायदा करायचा कोणी, आर्याजी?”

यशवर्धन तायडे उभ्या उभ्याच विचारत होते. ते केंद्रातले पाटबंधारे खात्याचे मंत्री. लहानपणी याच विहारात, समोर चटईवर बसलेल्या भिक्खुणी सुमेधांपाशी शिकलेले.

धरणाची उंची वाढवण्याचं त्यांचं विधेयक खालच्या सभागृहाने मंजूर केलं होतं. वरच्याने परत पाठवलं. पुन्हा मंजूर, पुन्हा परत.

“वरचं सभागृह म्हणतं काय?”

“बुडणारी गावं आधी वसवा, मग पाणी अडवा. वसवायला वर्षं जातील, आर्याजी. तोवर शहरांनी तहानलेलं राहायचं?”



तायडे खिडकीपाशी गेले, परत आले. खिशात फोन थरथरला. त्यांनी न बघताच तो बंद केला.

“एक वाट आहे. संयुक्त बैठक. दोन्ही सभागृहं एकत्र बसवायची आणि मतं घ्यायची. उद्याच.”

“एकत्र बसणं चांगलं.”

“आमचे सदस्य जास्त आहेत. जिंकणार आम्हीच.”

“मग अडलंय कुठे?”

तायडे पुन्हा खिडकीकडे वळले.

“यशवर्धन?”

“झोप लागत नाही.”

सुमेधा आपल्या चटईवर थोड्या सरकल्या.

“बस.”

ते बसले, पण स्वस्थ नाहीच. बोलता बोलता ऐसपैस मांडी घातली. बॅग उघडून शेजारी ठेवली, कागद पसरले. कोण बाजूने, कोण विरोधात, कोणाला अजून वळवता येईल… बोटांवर मोजायला लागले.

“यशवर्धन, जरा…”

“एक मिनिट, आर्याजी. मित्रपक्ष आपल्याकडे धरला तर…”

“अरे, थोडं…”

“…तर प्रश्नच उरत नाही. वरच्यांनी काहीही म्हणू दे.”

मोजणी संपली. त्यांनी मान वर केली.

सुमेधा चटईवर नव्हत्या. पलीकडे उघड्या फरशीवर बसल्या होत्या. थंडीचे दिवस. दुखरा गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

तायडे ताडकन उठले. त्यांचा चेहरा उतरला.

“आर्याजी, मला सरकायला सांगायचं ना.”

“सांगत होते,” सुमेधा म्हणाल्या. “तू मोजत होतास.”