सुभेदारांची अदबशीर बोंब

कोंडवली गावाला एकदा फार शिस्तीचे सुभेदार लाभले. होळीच्या सकाळी त्यांनी दवंडी पिटवली, "होळीपुढे बोंब मारायची ती अदबीनं! बेअदब बोंब मारणाऱ्याला पंचवीस फटके!"

गाव हबकलं. बोंबेशिवाय होळी म्हणजे होळीचाच अपमान, आणि मारावी तर पाठ सोलून निघणार. त्यात दरवर्षी पहिली बोंब ठमाबाई कुंभारणीची असे.

संध्याकाळी होळी पेटली. सुभेदार गालिचा अंथरून बसले, शेजारी चाबूक घेऊन शिपाई उभा. जो तो दुसऱ्यालाच पुढे ढकलू लागला. शेवटी ठमाबाई पदर सावरत पुढे झाली.

"सरकार, आम्ही अडाणी. बापजाद्यांपासून बेअदबच बोंबलत आलो. अदबीची बोंब कशी असते, तेवढं एकदा दाखवता का?"

"त्यात काय!" म्हणत सुभेदारांनी पालथी मूठ तोंडाशी नेली आणि बारीकसा आवाज काढला.

"मागं ऐकू नाही गेलं, सरकार. ती माणसं चुकतील अन् उगाच फटके खातील."

सुभेदारांनी आवाज चढवला. "अजून जरा!" मागून कुणीतरी ओरडलं. सुभेदार चिडून उभेच राहिले आणि अशी बोंब ठोकली, की वडावरचे कावळे उडाले आणि शिपायाच्या हातून चाबूक गळून पडला.

ठमाबाईनं हात जोडले आणि गावाकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? अदब म्हणजे एवढी! याहून हळू मारील तो बेअदब!"

मग अख्खं गाव अदबीनं बोंबललं, आणि सुभेदार कानांत बोटं घालून घरी पळाले.