सहीची जागा

हे कोणत्या साली घडलं, ते सोहनींना आता खात्रीनं सांगता येत नाही. चाचांच्या हातात मोरपिसांचा कुंचा होता की साधा झाडू, तेही नाही. मधल्या वर्षांत आपणच त्यात काही भर घातली असेल, ही धास्ती त्यांना नेहमी असते. पहिला प्रश्न मात्र त्यांनी त्याच दिवशी एका वहीत, तारीख न घालता, उतरवून ठेवला होता. तेवढा पक्का आहे.

“विहिरीचं आधी कोण बोललं, साहेब?”

“म्हणजे?”

“कुऱ्हाड विहिरीत टाकली म्हणताय. विहीर आधी कुणाच्या तोंडून आली? त्याच्या, का तुमच्या?”

टेकडीवरचा लहानसा दर्गा. भर दुपार. फौजदार सोहनी पायऱ्या चढून घामाघूम झाले होते आणि चाचा त्यांच्याकडे पाठ करून फरशी झाडत होते.

दस्तगीरचाचा पूर्वी ठाण्यात रायटर होते. तीस वर्षं त्यांनी लोकांचे जबाब लिहिले. सोहनी मानसशास्त्राचं सुवर्णपदक घेऊन खात्यात आले, तेव्हा जबाब कसा घ्यायचा ते त्यांना चाचांनीच शिकवलं होतं. पेन्शनीत निघाल्यावर चाचा घरी गेले नाहीत, इथं येऊन राहिले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सोहनी आले होते शाबासकी घ्यायला. रानात एकट्या राहणाऱ्या चंद्राबाईचा खून झाला होता, कुऱ्हाडीनं. संशय रावजी मदनेवर, कारण त्याची मेंढरं तिच्या रानात शिरायची आणि त्याची कुऱ्हाड सापडत नव्हती. हरवली, म्हणायचा. आता रावजीनं कबूल केलं होतं. उद्या सकाळी अकरा वाजता त्याला मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीसाठी उभं करायचं होतं. तिथं तो बोलला की जन्मठेप ठरलेली.

“तोच म्हणाला,” सोहनींनी जबाबाची नक्कल पुढे धरली. “हे बघा. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी कुऱ्हाड विहिरीत टाकली.’”

“काय विचारल्यावरून?”

सोहनी ती ओळ पुन्हा वाचू लागले.

“मीच शिकवलं तुम्हाला असं लिहायला,” चाचा म्हणाले. “प्रश्न गाळायचा. उत्तर ठेवायचं. मग वाचणाऱ्याला वाटतं, माणूस आपणहून धबाधबा बोलला.”

“चाचा, बोटसुद्धा लावलं नाही मी त्याला. चहा पाजला. बिडी दिली. पोराबाळांची चौकशी केली.”

“किती वेळ?”

“एकवीस तास.”

“आमच्या वेळी दोन फटक्यांत व्हायचं,” चाचा म्हणाले. “शिकलेल्या माणसाला वेळ लागतोच.”

सोहनींचे कान तापले.

“आधी काय म्हणत होता तो?”

“‘मला न्हाई ठावं.’ तीन तास तेवढंच.”

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला, असं सोहनींना आठवतं. नक्कल घेतली, उलटी केली आणि कोरी बाजू वर ठेवली.

“लिहा. फक्त तुमचे प्रश्न. उत्तरं नकोत.”

“कशाला?”

“म्हाताऱ्याचा हट्ट समजा.”

सोहनी मांडी घालून बसले. स्मरणशक्तीचा त्यांना तेव्हा गर्व होता. त्यांनी भराभर लिहिलं.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचला.

“‘त्या दिवशी मेंढरं चंद्राबाईच्या रानात शिरली होती ना? ती शिव्या देत आली ना? तुला राग आला असेल? कुऱ्हाड खांद्यावरच होती ना? दारात घातलीस का चुलीपाशी? मग कुऱ्हाड काय केलीस, विहिरीत टाकलीस का?’”

“ह्या सगळ्याला तो काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“‘हो साहेब.’”

“आणि दारात का चुलीपाशी, त्याला?”

“… चुलीपाशी. प्रेत तिथंच होतं.”

“दोनातलं एक. बरोबर निघालं. हुशार आहे पोरगा.”

चाचांनी कागद पुन्हा सोहनींपुढे ठेवला.

“झकास लिहिलंय. राग आहे, हत्यार आहे, जागा आहे, विहीर आहे. अख्खा खून आलाय ह्यात. एकच गोष्ट राहिली.”

“कोणती?”

त्यांनी सोहनींच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि शेवटच्या प्रश्नाखाली बोट ठेवलं.

“सही.”

दर्ग्यात कुणीच नव्हतं. खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला.

“म्हणजे तो निर्दोष आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच विचारतोय.”

“विहिरीला पन्नास फूट पाणी आहे. गळ टाकून पाहिला. कुऱ्हाड असेलच तिथं.”

“असेल.”

“एसपी साहेबांचं अभिनंदन आलंय, चाचा. आता काय करू मी?”

“अकरा वाजायला वेळ आहे. झोपू द्या त्याला पोटभर. मग एकदाच विचारा, त्या दिवशी काय काय झालं. आणि गप्प बसा.”

“किती वेळ?”

चाचा समोर बसले. हात मांडीवर ठेवले. सोहनींकडे पाहत राहिले. काहीच बोलले नाहीत.

“…”

“…”

सोहनींनी घड्याळ पाहिलं. “बरं, निघतो मी. उद्याची तयारी आहे.”

“एवढ्यातच?” चाचा म्हणाले.

सोहनींनी कागदाची घडी करून खिशात घातली. सही केली नाही. चपला घालत असताना चाचा मागून आणखी एक वाक्य बोलले. ऐकू आलं नाही असं दाखवून सोहनी पायऱ्या उतरले.

रावजीला त्यांनी काही विचारलं नाही. मॅजिस्ट्रेटपुढे तो तेच बोलला, त्याच क्रमानं, न अडखळता. त्याला जन्मठेप झाली. चौथ्या वर्षी तो तुरुंगात काविळीनं गेला. कुणीतरी ती मेंढरं विकून टाकली.

चाचाही पुढे वारले. सोहनी बढत्या घेत निवृत्त झाले. कागद त्यांच्याजवळ राहिला.

मग एका दुष्काळात ती विहीर तळाला गेली आणि गावानं गाळ काढायला घेतला. सोहनी एसटीनं गेले. चार दिवस काठावर छत्री धरून बसले. हा म्हातारा कोण, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी, तळाचा खडक लागल्यावर, त्यांनी आत उतरलेल्या तिघांना वेगवेगळं गाठलं. तिघांना एकच विचारलं.

“गाळात काय काय निघालं?”

आणि गप्प बसले.

पहिला म्हणाला, दोन हंडे, एक कप्पी. दुसरा म्हणाला, हंडे, कप्पी आणि बैलाच्या गळ्यातली घंटा. तिसऱ्यानं खूप वेळ डोकं खाजवलं. सोहनी थांबले. मग त्याला सायकलचं एक चाक आठवलं.

आणखी काही नाही. कुऱ्हाड हा शब्द सोहनींनी काढला नाही. त्या तिघांनीही नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी वाळलेला गाळ स्वतः काठीनं उकरून पाहिला. मग काठाच्या दगडावर घडी उलगडली. शेवटच्या प्रश्नाखालची जागा अजून कोरी होती. पेन टेकवताना पायऱ्यांवरचं ते वाक्य त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

“सही पुढं कधी केलीत तरी चालेल, साहेब. तारीख आजचीच घाला.”